ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

लोरेटा कुबियाक कुणाला भीत नाही, असं आमच्या वेदरबीत कुणीही छातीठोकपणे सांगेल. एकोणतीस वर्षं तिनं पत्रा दाबायच्या कारखान्यात काढली. चारशे टनांच्या प्रेसशेजारी उभी राहून ती डबा खायची, आणि साहेबानं आवाज चढवला की त्याच्याकडे अशी बघायची की तोच बिचारा माफी मागून निघून जायचा. गावाचं काय, माणूस मान ताठ ठेवून चालला की आत सगळं आलबेल आहे असं धरून चालायचं. खरं सांगायचं तर ही बाई सव्वीस वर्षं जीव मुठीत धरून जगली, आणि दोन हजार तेराच्या हिवाळ्यात त्या जुन्या भीतीनं एक नवं पिल्लू घातलं.

कुलपाचं आधी सांगायला हवं. कारखान्यात प्रत्येकाचं स्वतःचं लाल कुलूप असायचं, वर नाव कोरलेलं, किल्ली एकच. यंत्रात हात घालायचा तर आधी वीज तोडायची, खटक्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची. मग देव आला तरी यंत्र सुरू होत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. बायकोनं नाही, साहेबानं नाही, पाद्र्यानंही नाही. कारखान्याला टाळं लागून पाच वर्षं झाली, तरी आमच्याकडे गवत कापायच्या यंत्रालासुद्धा कुलपासाठी भोक पाडतात. बाहेरगावचे हसतात. हसू देत.

लोरेटा पाळीची नवी मुकादम झाली होती तेव्हाची गोष्ट. सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर. पाळी संपली, सात नंबरच्या प्रेसवर लाइल ग्रेबरचं कुलूप तसंच लटकत होतं. लोक विसरून घरी जायचे, नेहमीचंच होतं ते. वरून साहेब डोक्यावर बसलेला, की माल कुठंय, माल कुठंय. लोरेटानं तीन हाका मारल्या. लाइलच्या घरी फोन केला, कुणी उचलला नाही. बाहेर त्याची गाडीही नव्हती, कारण त्या दिवशी त्याला मेव्हण्यानं आणून सोडलं होतं, पण ते तिला काय ठाऊक? तिनं लोखंड कापायची कातर आणली, कुलूप कापलं आणि बटण दाबलं. लाइल मागच्या बाजूनं आत वाकून तेल पुसत होता, कानात बोळे घालून.

डावा हात कोपरापासून गेला. चौकशी झाली, नियमाप्रमाणे फोन केला होता म्हणून ती सुटली. मुकादमी तिनं स्वतःच सोडली आणि आतल्या खोलीत लेथवर जाऊन उभी राहिली, ती शेवटपर्यंत. पाच महिन्यांनी लाइल तिच्या दारात आला. म्हणाला, "कॉफी आहे का?" तेव्हापासून दर गुरुवारी येतो. मासे, बर्फ, पत्त्यांचा डाव, सगळ्यावर बोलतो. त्या दिवसावर एक अक्षर नाही. दोन सणसणीत शिव्या घातल्या असत्या तर ती मोकळी झाली असती. पण हा माणूस नुसता कॉफी पितो, आणि ती ओतत राहते.

कारखाना गेल्यावर शाळेतल्या डॉयल मास्तरांनी तिला वर्कशॉपमध्ये बोलावलं. पोरं रोबो करतात, दरवर्षी स्पर्धा असते, लेथ कुणाला चालवता येत नाही. ती गेली आणि तिथलीच झाली. नव्या पोराला पहिल्या दिवशी ती एक लाल कुलूप द्यायची, नाव कोरून. भाषण वगैरे नाही. "हरवलंस तर तुझं बोट हरवलं असं समज," एवढंच म्हणायची. पोरं तिला मिस लोरेटा म्हणत, आणि तिच्यामागे तिच्या चालीची नक्कल करत. तिला ते माहीत होतं.

त्या वर्षीचा खेळ होता उडत्या तबकड्यांचा. रोबोनं जमिनीवर पडलेली तबकडी उचलायची आणि लांबच्या, उंचावरच्या फटीत भिरकावायची; खालच्या भोकात टाकली तर एकेकच गुण. गावभर लोकांना तबकड्यांनी पछाडलं. डॉयल मास्तरांच्या कुत्र्यानं एकट्यानं चार फाडल्या. यंत्राची कल्पना मॅरेनची. मॅरेन ग्रेबर, सतरा वर्षांची, लाइलची नात. हट्टात अगदी आजोबांच्या वळणावर गेलेली.

"पंजा नको," मॅरेन म्हणाली. "पंजा तबकडी शोधत बसतो. पुढे रबरी लाटणं फिरत ठेवू. तबकडीच्या कडेला लागलं की ती आपोआप आत ओढली जाईल."

"आणि उलटी पडलेली असली तर?" डॉयल मास्तर म्हणाले.

"उलटीही ओढेल. तुमचं कुत्रं सरळ-उलटी बघतं का?"

लोरेटा हसली. यंत्र तसंच झालं. लाटण्यानं आत घेतलेली तबकडी पट्ट्यावरून वर चढायची, चार तबकड्या एकीवर एक रचल्या जायच्या, मग हवेचा दट्ट्या खालचीला ढकलायचा एका फिरत्या चाकाकडे. चाक आणि वाकवलेली भिंत यांच्यामध्ये तबकडी दाबली जाऊन गरगरत सुटायची. मिनिटाला पाच हजार फेरे. सगळी मदार त्या चाकावर, आणि चाकाची मदार मधल्या तुंब्यावर, ज्यातून दांडा जातो. दोन तुंबे करायचे होते, एक यंत्रात आणि एक जवळ राखून ठेवायला. ते अर्थातच लोरेटानं लेथवर काढले.

आता जे कुणालाच माहीत नव्हतं ते. आदल्या सप्टेंबरात सॅगिनॉ शहरातल्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरतोय. कडेचं दिसेल, समोरचं जात जाईल. बाईनं डॉक्टरचा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला हजर. लेथचा आकडा वाचताना ती मान तिरकी करायची; पोरांना वाटायचं ती ऐट आहे, दोघातिघांनी तशी मान करायलाही सुरुवात केली. सांगितलं तर लेथ जाणार. लेथ गेला की तिच्याकडे उरणार काय, तर रिकामं घर आणि लाइलचा गुरुवार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं ठरवलं.

फेब्रुवारीत ठरलेल्या मंगळवारी यंत्र पिशवीत गेलं. तसा नियमच आहे: सहा आठवडे झाले की यंत्र मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंडाला क्रमांकाची पट्टी ओढायची आणि स्पर्धेच्या जागेपर्यंत कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. लोरेटानं पाँचकी, म्हणजे आलुबुखारचा मुरंबा भरलेले गोड वडे, तळून आणले होते. पोरांनी साखरेच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

राखीव तुंबा घासून चकचकीत करायला तिनं घरी नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी बसून फडक्यानं पुसताना तिचा अंगठा भिंतीवर थांबला. डोळे फसतील, पण तिची बोटं फसत नसत. तिनं पाव इंची ड्रिल आणलं. एका चिमटीत त्याचा दांडा धरला, दुसऱ्या चिमटीत तुंब्याची भिंत. भिंत ड्रिलाएवढी जाड हवी होती, ती निम्मीसुद्धा भरत नव्हती. लेथच्या हँडलवरच्या आकड्यांत तीन वाचायचा तिथं आठ वाचला असणार. आमच्या इंग्रजी आकड्यांत तिनाचं तोंड मिटलं की आठ होतो. आणि दोन्ही तुंबे तिनं एकाच मांडणीत कापले होते. जो यंत्रात बसला, पिशवीत बंद झाला, तोही असाच पातळ. वर पाच हजार फेरे. शिवाय यंत्राचं वजन जास्त भरलं म्हणून चाकावरचं झाकण तिनं आणि डॉयल मास्तरांनी मिळून अर्धं कापून टाकलं होतं.

फुटलं तर काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कारखान्यात एकदा घासायचं चाक फुटलं तेव्हा त्याचा तुकडा पत्र्याचं छप्पर भेदून गेला होता. इथं चाकाशेजारी मॅरेनचं तोंड असायचं. ती प्रत्येक वेळी वाकून ऐकायची.

पुढचे पाच आठवडे तिला घास गोड लागला नाही. पहिल्यांदा तिनं गुपचूप नवा तुंबा करायचा घाट घातला. शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये एकटी गेली. एक भोक वाकडं गेलं, दुसऱ्याची भिंत पहिल्यापेक्षाही पातळ झाली. दोन्ही तुकडे पिशवीत गुंडाळून तिनं घरच्या कचऱ्यात टाकले, चोरानं टाकावेत तसे. मग तिनं मनाची समजूत घालायला सुरुवात केली. धातू चांगला आहे. वर्कशॉपमध्ये दीडदोनशे तबकड्या उडवल्या, काही झालं का? मग लगेच दुसरं मन म्हणायचं, लाइलची गाडीही बाहेर नव्हती ना गं?

गुरुवारी लाइल आला. टेबलावर टोपी ठेवून म्हणाला, "आमची पोरगी आता इंजिनीअर होणार म्हणते. कॉलेजचे लोक स्पर्धेला येणारेत म्हणे बघायला. मी पहिल्या रांगेत बसणार. टाळ्या मात्र माझ्या वाटच्याही तुला वाजवाव्या लागतील."

लोरेटाच्या ओठांवर आलं होतं. तिनं कॉफीचा घोट घेतला आणि त्याच्याबरोबर ते गिळून टाकलं. तो गेल्यावर तिनं दोन्ही कप विसळले. "बोल की, भवाने," ती स्वतःलाच म्हणाली. पण बोलली नाही. डॉयल मास्तरांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "गुडघा."

मार्चच्या शेवटी स्पर्धा होती, पलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेच्या क्रीडागृहात. प्रत्येक टीमला दहा फुटांचा एक गाळा. पट्टी तोडून पिशवी उघडली तेव्हा सगळे "आलं रे आलं बाळ बाहेर" म्हणून ओरडले. इथं तरी सांगायचं, असं ठरवून लोरेटा आली होती. पण आजूबाजूला चाळीस गाळे, गर्दी, गोंगाट, मॅरेनच्या डोळ्यांत नुसतं चांदणं. आत्ता नको, सरावाची फेरी होऊ दे. असं म्हणत तिनं तीही वेळ घालवली.

सरावात यंत्रानं कमाल केली. लाटण्यानं तबकड्या जमिनीवरून अशा वेचल्या जशी कोंबडी दाणे टिपते. बारा फेकल्या, नऊ वरच्या फटीत गेल्या. पहिल्या रांगेत लाइल मांडीवर हात आपटत होता. कॉलेजचे दोघे वहीत काही लिहीत होते. पोरं नाचत गाळ्यात परतली. एकट्या लोरेटाला दुसरंच ऐकू आलं होतं. चाक थांबत असताना त्याच्या सुरात एक बारीक कुरकुर होती, जी फेब्रुवारीत नव्हती.

"पंचवीस मिनिटांनी खरी फेरी," डॉयल मास्तर म्हणाले.

"वेग वाढवू या," मॅरेन म्हणाली. "अजून पाचशे फेरे. त्या तीन खाली गेल्या ना, त्याही वर जातील. डॉयल सर, चालू करते, बघा हं." आणि ती यंत्रावर वाकली, कान चाकापाशी नेऊन. तिच्या मागे आणखी तिघं वाकली.

लोरेटाला समोरचं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. कडेला मॅरेनच्या गालाची पांढरी रेघ दिसत होती. ती पुढे झाली, मॅरेनच्या हाताखालून यंत्राचा खटका पाडला, कोटाच्या खिशातून आपलं जुनं लाल कुलूप काढलं, चाचपून खटक्याच्या भोकात घातलं आणि दाबलं. खट्.

आजूबाजूच्या गाळ्यांतल्यांना काही कळलं नाही, पण आमची पोरं दोन पावलं मागे सरली. डॉयल मास्तरांचा बाप कारखान्यातच होता. त्यांनी घड्याळ बघितलं, मग कुलूप बघितलं. काढ म्हणाले नाहीत. "कोण आत आहे, लोरेटा?" त्यांनी हळूच विचारलं. कुलूप दिसलं की आमच्याकडे हाच प्रश्न विचारतात.

"मी," ती म्हणाली. "तुंबा पातळ आहे. निम्मासुद्धा नाही. मी कापलाय तसा. मला आकडा दिसला नाही. मला आकडे दिसतच नाहीत, डॉयल, सप्टेंबरपासून. आणि हे मला पाच आठवडे ठाऊक आहे."

मॅरेन ताठ उभी राहिली. "पाच आठवडे? आणि तुम्ही आत्ता सांगताय? मी दुसरा करून घेतला असता की, मिस लोरेटा. अख्खा मार्च होता."

"हो. होता."

"आज सकाळी मी तासभर त्याच्यावर कान ठेवून बसले होते." मग मॅरेननं खिशातून स्वतःचं कुलूप काढलं, लोरेटाच्या कुलपाशेजारी लावलं आणि पाना घेऊन चाक सोडवायला लागली. चाक बाहेर आलं. तिनं ते दिव्याकडे धरलं, गोल फिरवलं आणि मध्येच थांबली.

"काय आहे?" लोरेटानं विचारलं.

"तुंब्याला चीर आहे. केसाएवढी. इथून सुरू होते आणि..." मॅरेननं बोट फिरवलं. "जवळजवळ अर्ध्यापर्यंत. दिसते का?"

"नाही," लोरेटा म्हणाली. "मला नाही दिसत गं."

मॅरेननं तिचा अंगठा धरला आणि चिरेवर टेकवला. नख अडकलं. लोरेटा हत्यारांच्या पेटीवर बसली. डॉयल मास्तरांनी चाक हातात घेऊन बघितलं आणि टेबलावर ठेवलं. चिडले असणार, कान लाल झाले होते. "सोमवारी बोलू आपण," एवढंच म्हणाले, आणि लोरेटाच्या भीतीत गुरुवारच्या जोडीला सोमवारही आला.

सहा मिनिटं उरली. चाक नाही म्हणजे तबकडी उडणार नाही. पण लाटणं होतं, पट्टा होता. "उचलू आणि खालच्या भोकात ओतू," मॅरेन नाक पुसत म्हणाली. "एकेक गुण तर एकेक गुण." तिनं आपलं कुलूप काढलं. "आता तुमचं."

लोरेटानं गळ्यातली किल्ली काढली. खटका यंत्राच्या पोटात, अंधारात. किल्ली भोकाच्या आजूबाजूलाच आपटत राहिली. कुलूप हलायचं. सगळी पोरं बघत होती, आणि एकानंही हात पुढे केला नाही, कारण तसं करत नाहीत. मैदानावरून टीमचा नंबर पुकारला गेला.

"सरका," मागून कुणी तरी म्हणालं. लाइल आला होता, जिना उतरून, धापा टाकत. चाक टेबलावर पडलं होतं, नातीचे डोळे लाल होते. सगळं त्याला कळलं की थोडं कळलं, देव जाणे. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं आपला उजवा हात यंत्राच्या पोटात घातला. "कुलूप मी धरतो. किल्ली तू फिरव. ह्यात काही नियम मोडत नाही."

कुलूप स्थिर झालं. किल्ली भोकात गेली. आणि लोरेटाची बोटं तिथंच थिजली, कारण त्याचा हात आत होता.

"हात बाहेर काढ," ती म्हणाली. "लाइल, आधी हात बाहेर काढ."

"धरलं नाही तर उघडायचं कसं?" तो म्हणाला. "फिरव, लोरी. एकच उरलाय, तेव्हा जरा जपून." सव्वीस वर्षांत त्या हाताबद्दल तिच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आज तुला ठाऊक आहे ना, आत कोण आहे ते?"

"ठाऊक आहे."

"मग सांग."

"लाइल ग्रेबर आत आहे," ती म्हणाली. सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

कुलूप सुटलं. लाइलनं हात सावकाश बाहेर काढला. लोरेटानं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपून पाहिलं. मग मॅरेनला म्हणाली, "हं. आता दे वीज."